शिळं पाणी

आमच्या घरात पाणी रात्रभर राहिलं की शिळं व्हायचं. सकाळी उठल्या उठल्या हंड्या-कळश्यांत उरलेलं सगळं पाणी परसातल्या अळवाला ओतायचं, भांडी चिंच आणि राख लावून लख्ख घासायची, आणि मग वाडीच्या नळावरून ताजं पाणी आणायचं. चहा त्यानंतर. ताप असो, परीक्षा असो, पाहुणे असोत, यात बदल नाही. शिळं पाणी देवाला चालत नाही, मग माणसाला कसं चालेल, असं आई म्हणायची. मला तेव्हाही प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय होती. गणपतीच्या वर्गणीवरून, शाळेतल्या खिचडीवरून, एसटीतल्या राखीव जागांवरून मी सगळ्यांशी भांडले होते. पण पाणी शिळं होतं म्हणजे त्याचं नेमकं काय होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. ही कबुली आधीच देऊन टाकते, कारण पुढे जे झालं ते या न विचारलेल्या प्रश्नातून झालं. सत्ताविसाव्या वर्षी आठवणी लिहायला बसणारी मी काही म्हातारी नाही. पण पाण्याच्या प्रश्नावर मी गावोगाव बोलते, पत्रकं वाटते, लोकांना जाब विचारते, आणि माझ्या स्वतःच्या पहिल्या पत्रकाबद्दल मात्र गप्प बसते. ते आता पुरे.

आमची वाडी वेल्ह्याच्या रस्त्याला, गुंजवण्याच्या फाट्याच्या अलीकडे. धरणात जमीन गेल्यावर आजोबांनी तिथे दोन खोल्या बांधल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खाट, आत स्वयंपाक. फळीवरच्या डब्यांखाली वर्तमानपत्राऐवजी धरणग्रस्तांच्या जुन्या सभांची पत्रकं अंथरलेली असत, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. हळद-मिरचीचे डबे उचलून उचलून मी ती वाचायची. 'जागे व्हा!' 'याला जबाबदार कोण?' 'आता माघार नाही!' इतर मुलं पाढे पाठ करायची तशी मला ही वाक्यं पाठ होती. कुणाकडे तरी बोट दाखवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, अशी माझी समजूत त्या फळीवर झाली.

मी नववीत होते तेव्हा आईला पुन्हा दिवस गेले. माझ्यानंतर दोन बाळं सहाव्या-सातव्या महिन्यात गेली होती. दोन्ही वेळा पाळण्याच्या दोऱ्या तेवढ्या माळ्यावर परत गेल्या. या वेळी सातवा लागताच नर्सबाईंनी आईला खाटेवर झोपवलं आणि बजावलं, "न्हाणीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. हंडा तर बघायचासुद्धा नाही." त्या दिवसापासून घर माझ्याकडे आलं. आई कुशीवर पडून समोरच्या भिंतीकडे बघत राहायची. त्या भिंतीला पोपडे आले होते. ती पोपडे मोजते आहे हे मला एकदा कळलं, कारण ती पुटपुटत होती आणि माझी चाहूल लागताच थांबली. हात मात्र सारखा पोटावर. बाळ हललं की तिचा चेहरा सैल व्हायचा, आणि अर्धा तास हललं नाही की ती मला हाक मारायची, कामासाठी नव्हे, नुसतीच. "सारके, हायेस का गं?" मी हातातलं टाकून जायचे. आम्ही दोघी त्या पोटाकडे बघत बसायचो, पुढची लाथ येईपर्यंत. मला त्या दिवसांतली भीती अजून कानांनी आठवते. घर इतकं शांत असायचं की फाट्यावर एसटीचा गिअर बदलला तरी ऐकू यायचा.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा टेम्पो होता, पुण्यात लोकांची घरं हलवायचं काम करायचे. एका घरातून निघताना त्या लोकांनी दोन फुटी काचेची टाकी, हवेचा पंप, स्पंजाचा फिल्टर आणि पिशवीभर रंगीत खडे दादांच्या गळ्यात मारले. दादांनी टाकी गोधडीत गुंडाळून आणली आणि येताना वाटेत सहा मासे घेतले, चार केशरी, दोन काळे. टाकी आईच्या खाटेसमोर स्टुलावर ठेवली, नळाचं पाणी भरलं, पंप लावला, पिशव्या फोडल्या. अर्ध्या तासात सगळं झालं.

"भिंत बघून बघून येडी हुशील," दादा आईला म्हणाले. "हे बघ आता."

"अवं, पर ह्यांना घालायचं काय?"

"त्यांची डबी आणलीया. आन् तू पडल्या पडल्या काय घालतीस? सारिका हाय की."

आई हसली. सकाळी उठून पाहिलं तर ती मासे मोजत होती. एक, दोन, तीन... सहा झाले की म्हणायची, "हायेत बया समदे." तेव्हापासून तिची सकाळ त्यानंच सुरू व्हायला लागली. आधी सहा मोजायचे, मग पोटावर हात ठेवायचा. मासे सहा असले की आतलंही ठीक, असा हिशेब तिनं मनाशी बांधला होता. तो तिनं कधी बोलून दाखवला नाही. मला दिसत होता.

आता माझं काम सांगते. रोज सकाळी हंडे-कळश्यांबरोबर मी टाकीही रिकामी करायचे. मासे पातेल्यात, पाणी अळवाला. काच राखेनं घासून आरशासारखी करायची, खडे चाळणीत धुवायचे, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, आणि मार्गशीर्षातलं ते बर्फासारखं ताजं पाणी पुन्हा काठोकाठ भरायचं. एका दिवसात त्या स्पंजावर तपकिरी बुळबुळीत थर यायचा, त्याची मला शिसारी यायची. शेजारच्या यमुनाकाकू दारातून बघत म्हणायच्या, "आगं बया, पोरीनं काय लख्ख ठेवलंय! मासं न्हवं, जावई हायेत जनू." मला अभिमान वाटायचा. आई खाटेवर पडली म्हणून घर अस्वच्छ झालं, असं कुणी म्हणायला नको होतं.

पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. मला वाटलं भूक लागली, मी जास्त घातलं. सातव्या दिवशी एका काळ्या माशाच्या शेपटीवर रव्याचे कण दिसले. मी सकाळी उपमा केला होता, हात न धुता डबी उघडली असेन, असं वाटून मी स्वतःवरच चिडले. दुसऱ्या दिवशी कण दोन्ही काळ्यांच्या अंगभर होते. तिसऱ्या दिवशी केशरी माशांवरही. ते खड्यांना अंग घासायचे, एकदम उसळी मारून काचेवर आपटायचे, आणि मग पंख मिटून तळाशी बसून राहायचे. आई मोजायची, पण आता सहावर थांबून "हायेत" म्हणायची नाही.

"यमुनाबाईला बोलीव," तिनं मला सांगितलं.

काकू आल्या, कमरेवर हात ठेवून वाकल्या, आणि दोन पावलं मागे सरकल्या. "आगं, देवी आल्यात ह्यांला."

"काकू, माशांना कुठं देवी येतात?"

"मग हे काय हाय? साबुदाणा? कांजण्याच हायेत. माज्या भावाच्या पोराला अश्याच पैल्या पाठीवं उठल्या हुत्या." मग त्यांचं लक्ष खाटेकडे गेलं आणि आवाज एकदम उतरला. "आन् घरात ही पोटुशी."

मी खूप हसले असते. पण आठवड्यापूर्वीच नर्सबाईंनी आईला विचारलं होतं, लहानपणी कांजण्या आल्या होत्या का, आणि आई म्हणाली होती, आठवत न्हाई. त्यावर नर्सबाई म्हणाल्या होत्या, "मग जपा. या दिवसांत कांजण्या वाईट." ते वाक्य आमच्या दोघींच्या कानात होतं. आई माझ्याकडे बघत होती. मी हसले नाही.

तासाभरात टाकीच्या दोन्ही बाजूंना कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्या. घरात फोडणी बंद. देवी आल्या असताना मोहरी तडतडली तर अंगावरचे फोड चिघळतात म्हणे, म्हणून आमच्याकडे तसं करतात, आणि काकूंनी तो नियम माशांनाही लावला. आम्ही माणसांनी दहा दिवस बिनफोडणीचं वरण, मऊ भात आणि दही खाल्लं. दादा टेम्पोवरून आले की पातेल्यात डोकावून म्हणायचे, "मासं आजारी आन् पथ्य आमाला." कुणी हसायचं नाही. आई भाताचे चार घास खाऊन ताट सरकवायची. रोज आपले हात, गळा, पोट आरशात बघायची, पुळी दिसते का. मीही ती झोपली की तिच्या मानेवर वाकून बघायचे. लाईट गेली की पंपाची गुडगुड थांबायची, मासे वर यायचे, आणि मी तांब्या भरभरून वरून धार सोडत बसायचे, हात भरून येईपर्यंत. तेवढी हवा पुरते की नाही मला ठाऊक नव्हतं. नुसतं बसणं जमत नव्हतं.

भीती वाटली की काही माणसं देवापाशी जातात. मला जबाबदार कोण ते शोधावंसं वाटतं. नळाच्या पाण्याला त्या दिवसांत ब्लिचिंग पावडरचा वास येत होता. वाडीच्या टाकीत पावडर टाकायचं काम दगडूआप्पांचं. साठीचे, एका पायानं लंगडे, व्हॉल्व्ह सोडायला पहाटे टाकीवर चढणारे. मी वहीचा दुहेरी कागद फाडला, लाल पेनानं लिहिलं, आणि नळाच्या खांबाला खळीनं चिकटवला. मला तो शब्दन् शब्द आठवतो.

'पाण्यात विष! मुक्या जिवांचा बळी! आज मासे, उद्या माणसं! याला जबाबदार कोण? पावडर टाकणाऱ्यांना जाब विचारा! आता माघार नाही!'

खाली नाव घातलं नाही. अक्षर सगळी वाडी ओळखत होती.

पत्रक कसं पसरतं हे मी त्या दिवशी शिकले. संध्याकाळपर्यंत नळावर शुकशुकाट झाला आणि बायका घागरी घेऊन ओढ्याकडे निघाल्या. मीही निघाले. माझ्या शब्दावर वीस घरं हलली होती, माझी मान ताठ होती. ओढ्याचं पाणी वाहतं, थंड, वास नाही, म्हणजे शुद्ध. आईच्या उशाशी मी तेच ठेवलं. टाकीतही तेच भरलं. तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी दगडूआप्पा घरी आले. हातात घडी केलेला तो कागद होता. टोपी काढून उंबऱ्याबाहेरच बसले. आई खाटेवरून म्हणाली, "आप्पा, आत या की."

"न्हाई, हितंच बरं हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडलेला माणूस मला चालला असता, माझ्याकडे उत्तरं तयार होती. पण ते घाबरलेले होते. "पोरी, माजं काय चुकलं ते तोंडावं सांगायचंस. हे वाचून माजं काम जाईल गं. आन् पावडर म्या माज्या मनानं टाकत न्हाई. टाकली न्हाई तर मानसं हगवणीनं मरत्याल. मासं ठेवायचं तर पानी एक दिस उघडं ठिवावं, वास उडून जातो. माजी म्हातारी तुळशीला बी तसंच घालती."

"शिळं?" मी म्हणाले.

"शिळं मंजी काय? उघडं ठिवल्यालं." ते उठले. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "तुमी आता पानी कुठलं पिताय?"

मी उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे पाहिलं. उत्तर आईनं दिलं. "वड्याचं."

आप्पांनी टोपी घातली, पुन्हा काढली. "वर गुरं धुत्यात, वहिनी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. सकाळपासून तिचं पोट बिघडलं होतं, पाच-सहा वेळा न्हाणीपर्यंत जाऊन आली होती, आणि मी तिला दर वेळी तांब्याभर ओढ्याचं पाणी दिलं होतं. दादा नेमके घरी होते. आईला टेम्पोत पुढे बसवलं, काकू शेजारी, मी मागे रिकाम्या हौद्यात. नसरापूरवरून भोरपर्यंतचा तो रस्ता मला कधी संपेल असं वाटेना. प्रत्येक खड्ड्याला पुढून आईचा आवाज यायचा आणि मी हौद्याची कडी धरून मनात म्हणायचे, बाळा, थांब, बाळा, थांब. मी देव मानत नव्हते. त्या हौद्यात मात्र मी ज्याला जमेल त्याला थांब म्हणत होते.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आईला तपासून सलाईन लावलं आणि बाहेर येऊन विचारलं, "पाणी कुठलं पिता?" दादा म्हणाले, नळाचं. त्यांना ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले, "ओढ्याचं. मी दिलं. न उकळता." डॉक्टरबाईंनी मला रागावायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "पोट बिघडल्यामुळे कळा सुरू झाल्या असतील. नसतीलही. आधीची दोन गेलीत ना?" हे 'नसतीलही' त्यांनी दयेनं म्हटलं की खरंच, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग मी विचारलं, माशांच्या कांजण्या माणसाला होतात का. त्या म्हणाल्या, "कांजण्या नसतात त्या. माशांचं मला माहीत नाही. पेठेत एक बाई मासे विकतात, त्यांना विचार." काकूंनी मला कोपरानं ढोसलं, "जा, इचारून ये. न्हाईतर मला बी झोप लागायची न्हाई."

ते वह्या-पेनांचं दुकान होतं आणि मागच्या भिंतीला काचेच्या टाक्यांची रांग. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, हातात जाळी. मी दादांच्या मोबाईलवर काढलेला माशांचा फोटो दाखवला. त्यांनी एक नजर टाकली.

"पांढरे ठिपके. माशांचाच रोग आहे, माणसाला लागत नाही. टाकी नवी ना? पाणी किती दिवसांनी बदलतेस?"

"रोज."

"किती?"

"सगळं."

"आणि स्पंज?"

"पांढरा होईपर्यंत धुते," मी म्हणाले. अजूनही थोड्या अभिमानानंच.

बाईंनी जाळी खाली ठेवली. "अगं मुली, त्या स्पंजावरचं बुळबुळीत असतं ना, तेच त्यांची घाण पचवतं. ते यायला महिना लागतो आणि तू रोज काढून टाकतेस. लोणचं घातल्यावर रोज बरणी धुतेस का? पाणीसुद्धा मुरावं लागतं. आणि या थंडीत रोज सकाळी गार पाणी! तुला कुणी रोज पहाटे ओढ्यात बुडवलं तर तू आजारी पडशील की नाही?"

ओढा हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी वह्यांच्या गठ्ठ्यावर बसले. त्यांनी निळ्या औषधाची बाटली दिली आणि काय करायचं ते दोनदा म्हणवून घेतलं. रोज चौथा हिस्साच पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं, कोमट करून. जाडं मीठ थोडं. टाकी उबेत ठेवायची. स्पंजाला हात लावायचा नाही. "आणि नीट ऐक. तीन दिवसांनी ठिपके गळतील. रोग गेला असं समजून औषध थांबवू नकोस. ते खाली पडून वाढतात आणि पुन्हा चढतात. सगळ्यात अवघड काय सांगू? काही न करणं. तुला ते जमेलसं दिसत नाही."

मी एसटीनं काकूंबरोबर परत आले. दादा आईपाशी राहिले. आल्या आल्या टाकीभोवती गोधडी गुंडाळली, तीच, जिच्यातून ती आली होती, आणि समोर तेवढी फट ठेवली. निळे थेंब टाकले, पाणी शाईसारखं झालं. मग वहीचा कागद घेतला. या वेळी लिहायला दोन तास लागले. जबाबदार कोण हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, आणि ते नाव माझंच होतं. 'नळाच्या पाण्यात विष नव्हतं. मी चुकीचं लिहिलं. मासे माझ्या धुण्याने आजारी पडले. ओढ्याचं पाणी पिऊ नका. दगडूआप्पांची मी माफी मागते. सारिका.' एकही उद्गारचिन्ह नाही. सकाळी नळावर चिकटवायला गेले तर आप्पा व्हॉल्व्हपाशी होते. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "चिकटवू नको. आर्ध्या बाया वाचत्यात कुठं? मोठ्यानं म्हण."

मी म्हटलं. घागरी घेऊन उभ्या बायका ऐकत होत्या. संपल्यावर यमुनाकाकू म्हणाल्या, "मंजी देवी न्हवत्या त्या? मग आता फोडणी द्यायला हरकत न्हाई?" सगळ्या हसल्या. मला रडू आलं. एक जण म्हणाली, "चल, घागर पुढं कर, रांग अडलीया."

त्याच दिवशी आईला पुण्याला हलवलं. बाळ संध्याकाळी झालं, मुलगी, दोन महिने आधी. काकूंनी आपला मोबाईल माझ्यापाशी ठेवला होता, त्यावर दादांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "लई बारीक हाय गं. काचेच्या पेटीत ठिवलंय तिला. वर दिवा लावलाय उबंला. हात लावू देत न्हाईत." मी फोन कानाला धरून टाकीसमोर उभी होते. गोधडीच्या फटीतून निळं पाणी दिसत होतं. हात लावू देत न्हाईत, हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी खरंच ठिपके गळले. पाचव्या दिवशी पुन्हा आले, पहिल्यापेक्षा जास्त. दुकानातल्या बाईंनी सांगून ठेवलं नसतं तर मी टाकी उपसून घासून काढली असती. रोज सकाळी हंडे रिकामे करून, भांडी घासून, राखेचे हात घेऊन मी टाकीपुढे यायचे आणि हात मागे बांधून उभी राहायचे. काचेवर शेवाळ धरायला लागलं होतं. स्पंज तपकिरी. पाण्याला जुना, ओलसर वास. मी आयुष्यात शिकलेलं सगळं ओरडत होतं, ओत ते, घास. आणि तिकडे पेटीतल्या मुलीचं वजन उतरत होतं. दादा रोज तेवढंच सांगायचे, "आज बी उतरलं." आजही एखाद्या सभेत लोक म्हणतात, तुम्ही फार घाई करता, बाई. मी त्यांना सांगत नाही की मी एकदा पंधरा दिवस हात मागे बांधून उभी राहिले आहे.

सहाव्या दिवशी सकाळी मोठा काळा मासा आडवा तरंगत होता. मी त्याला अळवात पुरलं. हात धुते तोच फोन वाजला. दादांनी फोन आईला दिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज.

"सारके."

"आई, बाळ कसंय?"

तिनं उलट मलाच विचारलं, "किती हायेत?"

"सहा," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन दादांकडे गेला.

मुलीचं वजन आठवड्यानं थांबलं, मग चढायला लागलं. माशांचे ठिपके दुसऱ्यांदा गळले आणि परत आले नाहीत. औषध मी सांगितल्यापेक्षा दोन दिवस जास्तच टाकलं. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही, कारण आई घरी येणार होती आणि मोजणार होती. मी दुसरा काळा मासा आणून टाकायचा विचार केला, भोरला जायला निघालेसुद्धा. फाट्यावर एसटी थांबली आणि मी चढले नाही. एका महिन्यात मी दोन खोट्या गोष्टी पसरवल्या होत्या, तिसरी पिशवीत घालून आणायची हिंमत नव्हती.

आई दीड महिन्यानं आली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, आत मोहरी तडतडत होती, दादा पाळण्याच्या दोऱ्या बांधत होते. बाळ टॉवेलात गुंडाळलेलं, माझ्या दोन ओंजळींएवढं. आई खाटेवर बसली, बाळ मांडीवर घेतलं आणि टाकीकडे वळली. पाणी स्वच्छ होतं. खडे हिरवट झाले होते. ती ओठ हलवत मोजत होती. पाचवर ओठ थांबले.

"आई, मी..."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "सहा म्हणायच्या आदी तू थांबलीस. भांडताना तू कदी थांबत न्हाईस. तवाच कळलं एक गेला."

म्हणजे त्या पेटीपुढे ती सगळे दिवस हे मनात घेऊन बसली होती. "मग फोनवर का नाही बोललीस?"

"काय बोलू? तू हितं एकली. तुला बी कुनीतरी सहा हायेत म्हनायला पायजेच हुतं की." तिनं बाळाचं टोपरं सारखं केलं. "पर परत मला नगं सांगू असं. मी तिथं पेटीतल्या पोरीपुढं बसून इचार करायची, हिला बी डॉक्टर नीट हाय म्हनत्यात, ते बी थांबून म्हनत्यात का? मला कुनाचंच खरं वाटंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझं न ऐकता एक कळशी स्वतः घासली. शिळं पाणी अळवाला ओतलं. ओल्या हातानं टाकीपाशी आली, वाकली, वास घेतला, नाक मुरडलं. मग मागे सरली आणि कळशी फळीवर पालथी घातली.

ती मुलगी आता सातवीत आहे. माझ्याइतकीच भांडते. आणि मी कुठलंही पत्रक छापायला देण्याआधी घरी जाऊन आईला वाचून दाखवते. किती घरांना पाणी नाही, किती विहिरी आटल्या, किती बायका किती लांब जातात. ती तांदूळ निवडत ऐकते. एखाद्या आकड्यापाशी माझा आवाज जरासा अडखळतो, तेव्हा तिचा हात सुपात थांबतो.

"किती हायेत?" ती विचारते.

मी कागदाची घडी घालते, चपला घालते, आणि मोजायला जाते.